आवाज बंद

"कोणाला आत शिरता येणार नाही असा कॅमेरा द्या," ती म्हणाली. "रंगरूप कसंही असू दे."

दुकानदाराने काउंटरवरची खोकी तिच्यापुढे सरकवली. नवरा शेजारी उभा राहून खोक्यांवरची हसरी बाळं बघत होता.

"आधीच्यात कोणी शिरलं होतं का, ताई?"

तिने एका दमात सांगून टाकलं. ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची, घरी बसूनच. गेल्या आठवड्यात भर दुपारी ती बाहेरच्या खोलीत कामात होती. बाळाच्या खोलीचं दार लोटलेलं, कॅमेऱ्यातला आवाज फोनवर चालू. बबड्या कुरकुरायला लागला. ती उठणार तेवढ्यात फोनमधून एक पुरुषी आवाज आला. हलका, घोगरा.

"गप्प. आई ऐकतेय."

पेन्सिल टाकून ती धावली. आत सगळं नेहमीसारखंच. पाळण्यात बबड्या, खिडकीशी खुर्चीत सासरे, रस्त्याकडे नजर लावून. आणि भिंतीवर तो कॅमेरा, लाल ठिपका पेटलेला. तिने वायर उपटली आणि कॅमेरा कपाटात कोंबला.

"परका माणूस माझ्या लेकराशी बोलून गेला हो," ती म्हणाली. "अजून अंगावर काटा येतो."

"अशा बातम्या येतात हल्ली," दुकानदार म्हणाला. "पासवर्ड काय होता?"

नवऱ्याने मान खाजवली. "बाळाचं नाव. आणि एक-दोन-तीन."

"म्हणजे कुलूप लावलंत आणि किल्ली दारालाच ठेवलीत."

मग त्याने एकेक खोकं उघडून नीट समजावलं. हा स्वस्त आहे, पण चित्रं कुठल्या कुठे पाठवतो. हा बरा, पण कंपनी आता त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, नव्या चोरवाटा बुजवत नाही. तिसऱ्यातली चित्रं घरातल्या कार्डावरच राहतात, आणि फोनवर आलेला आकडा टाकल्याशिवाय तो मालकालाही आत घेत नाही.

"लग्नात एवढी चौकशी केली नव्हतीस," नवरा पुटपुटला.

"तेव्हा फसले, म्हणून आता करतेय," ती म्हणाली. आठवडाभरात पहिल्यांदाच ती हसली. तिने तिसरा कॅमेरा उचलला. "यातला आवाज बंद करता येतो?"

"येतो. बाळ हललं की फोन थरथरेल, तेवढं पुरे."

घरी नवऱ्याने कॅमेरा पाळण्यासमोरच्या भिंतीत ठोकला. तिने लांबलचक पासवर्ड घातला, माइकच्या चिन्हावर फुली मारली, आणि खुर्चीतल्या सासऱ्यांपुढे वाकून म्हणाली, "आता काळजी नाही, आबा. तरी काही वेगळं वाटलं तर मला हाक मारा..." तिने जीभ चावली.

आबा बोलत नसत. सासूबाई आजारी होत्या, एका दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. तेव्हापासून आबांच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, धक्का बसलाय. घराने ते स्वीकारलं होतं. आबा चालत, जेवत, खिडकीशी बसत. कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.

आबांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं.

घर पुन्हा ताळ्यावर आलं. दुपारी फोन थरथरायचा, ती चित्र बघायची. बबड्या पाय झाडत असायचा, मग निजायचा. ना कसला आवाज, ना धसका. एकदा चित्रात आबा दिसले. पाळण्यावर वाकलेले, कॅमेऱ्याकडे पाठ, आणि बबड्या टक लावून त्यांच्याकडे बघतोय. तिचे डोळे भरून आले. तिने ते चित्र नवऱ्याला पाठवलं. 'आबा माणसात येतायत,' खाली लिहिलं.

नवऱ्याचं उत्तर आलं, 'नातवाने जादू केली.'

जुन्या कॅमेऱ्याचं मात्र तिला राहून राहून खटकत होतं. बोलून गेलेला तो माणूस कोण होता, याचा काही माग लागेल का? एका दुपारी बबड्याला निजवून तिने तो कॅमेरा पिशवीत घातला. दुकान रस्त्यापलीकडेच, फोन हातात, आबा खोलीत. "आबा, आलेच हं," म्हणत तिने दार ओढून घेतलं.

दुकानदाराने कॅमेरा उलटसुलट केला. चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर घेतला. मग स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं.

"ताई, माणूस बोलला तो नक्की यातूनच?"

"मग आणखी कुठून? फोनवर स्पष्ट ऐकलं मी."

"फोनवर ऐकलंत, बरोबर. याला माइक आहे, खोलीतलं ऐकून तुम्हाला पाठवायला." त्याने आतली रिकामी जागा तिला दाखवली. "पण स्पीकर नाहीच. बाहेरचा कोणी यात शिरला तरी खोलीत बोलणार कसा?"

तिने त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

तिच्या हातातला फोन थरथरला.

चित्रात पाळणा होता. बबड्याचे पाय हलत होते. आबा पाळण्यावर वाकले होते, कॅमेऱ्याकडे पाठ. तिने माइकच्या चिन्हावरची फुली काढली.

"तुझी आजीपण अशीच होती रे," घोगरा आवाज लाडाने म्हणत होता, "सारखी किरकिर, सारखी किरकिर. तोंडावर उशी दाबली, तेव्हा कुठे गप्प झाली."