सारखे तुकडे

"सारखं काप हं मंजे, नाहीतर मोठा तुकडा मीच उचलणार!" दादा चिडवायचा.

घरचा नियमच होता तो. एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं.

"पण सारखं म्हणजे नेमकं कसं?" लहानपणी मंजिरीने आईला विचारलं होतं.

"उरलेला तुकडा वाट्याला आला, तरी कापणाऱ्याला रडू येत नाही, ते सारखं."

दादाच्या तेराव्यानंतर शेजारणीने खरवस आणून दिला. सवयीने मंजिरीने बरोबर मधोमध सुरी फिरवली, ताटली समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवली आणि वाट पाहत बसली.

"खा गं," आई हळूच म्हणाली.

दोन्ही तुकडे अगदी सारखे होते. आधी उचलणाराच नव्हता. मग उरलेला कुठला म्हणायचा?

सारखं कापूनही कापणारीला रडू कोसळलं.