उपाशी यीस्ट

रेवदंड्याच्या घरी विकायला असलेल्या ताडीतून काढलेलं यीस्ट प्रणालीने दोन आठवडे मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशीतली गुणसूत्रं अंग चोरून केंद्रकाच्या मधोमध गोळा झालेली दिसत होती. तिचे गाईड सर डोळा लावून हसले. “मेलंय हे. विषय सोड. रेवदंड्यात ताडी विकणं सोपं, विज्ञान कठीण असतं, बाई.” तिने वर्षभर जपलेल्या त्या यीस्टचा फ्लास्क उचलून ते बेसिनकडे निघाले. प्रणालीने तो हिसकावला. “मेलं न्हाय ते! थांबा हितंच.” तिने स्लाइडवर साखरपाण्याचा थेंब सोडला. अर्ध्या तासात घट्ट गोळे सैलावले, गुणसूत्रं केंद्रकभर मोकळी पसरली. सरांनी पुन्हा डोळा लावला आणि आवाज एकदम मऊ केला. “अगं, जिवंत आहे की!” प्रणालीने फ्लास्क छातीशी धरला. “ओतायला निघाला होतात, सर. खायला घालून बघायला तुमच्या बापाचं काय जात होतं?”