लगेच बाहेर

तीन आठवड्यांपूर्वी ईमेलने आलेल्या त्या पत्राला काकांनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘तुमच्या साइटवरचं बाहेर पडायचं बटण चालत नाही,’ एवढीच ओळ.

काका निवृत्त ग्रंथपाल. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीच्या संस्थेची वेबसाइट सांभाळत. मागे कोणाची चाहूल लागली की लाल बटण दाबायचं. पान जाऊन हवामानाचा अंदाज येई. पत्र वाचून काकांनी बटण दाबून पाहिलं होतं. अंदाज आला. बाईचीच चूक असेल, म्हणून ते गप्प बसले.

ती बाई आज समोर बसली होती. जबडा तारेने बांधलेला, उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये.

“पत्रानंतर आठ दिवस थांबले,” ती मिटल्या दातांतून म्हणाली. “वाटलं, दुरुस्त केलं असेल. दाबलं तर हलेना. परत दाबलं, तोवर केस नवऱ्याच्या मुठीत. तोंड टेबलावर आपटलं. मग विचारलं, कुठल्या बोटांनी दाबत होतीस?”

“माझ्याकडे तर चालतं हो,” काका पुटपुटले.

“तुम्ही पडलात घरचे,” संस्थेच्या ताई फणकारल्या आणि आपला फोन त्यांनी बाईच्या हातात दिला. “हिच्यासारखं परकं होऊन बघा जरा.”

काकांनी साइटला जोडलेलं एकेक प्लगइन, म्हणजे जादा सोय, बंद करायला घेतलं. प्रत्येक वेळी बाई डाव्या अंगठ्याने बटण दाबे आणि दचकून मागे बघे. मागे भिंत होती. सात झाली, आठ झाली. नववं बंद केलं आणि फोनवर ढग आले.

काकांनी त्या नवव्याचं नाव वाचलं. महिन्यापूर्वी त्यांनीच हौसेने साइटला नवी थीम, म्हणजे नवं रूप, बसवली होती. तिने बटण कोपऱ्यात सरकवलं. तिथेच पाहुण्यांना ‘काही मदत हवी का?’ विचारणारं हे प्लगइन. त्याची न दिसणारी चौकट बटणावर बसली. लॉग-इन केलेल्याला ती चौकट येतच नसे. काका दोन वर्षं लॉग-इनच होते.

त्यांनी ते जुनं पत्र उघडलं.

“तिकडे उत्तर नको!” ताई ओरडल्या. “तिचे मेल तोच वाचतो.”

“वाचू दे, मी काही परत जात नाही,” बाई म्हणाली. “माझं खरं होतं, हे त्याच्या घरात एकदा तरी कोणी लिहून पाठवू दे.”

‘बाई, तुमचं खरं होतं. चूक माझी,’ एवढंच लिहून काकांनी उत्तर पाठवलं.