खांद्यावरचा हात

“सावकाश अवं, वाट काय पळून चाललीय?” मथुराबाई म्हणाली आणि गेनबाचा हात तिनं आपल्या खांद्यावर नीट घेतला.

हात थरथरत होता. रोजच थरथरायचा.

दोघं ओढ्याच्या पुलावर थांबली. खाली पाण्यावर सायीसारखं धुकं धरलं होतं. पलीकडे, जिथे त्यांचं ज्वारीचं रान डुलायचं, तिथे धायरीच्या नव्या इमारती अर्धवट झोपेत उभ्या होत्या.

“दमलो गं. टेक जरा.”

मथुराबाई कठड्याला टेकली. धाप तिलाही लागली होती, पण तिच्या धापेचं काय एवढं! गेल्या वर्षीच्या तापानंतर ती उंबऱ्याबाहेर पडलीच नव्हती. खिडकीशी खाट, खाटेवर ती. पाय सुजायचे, ते दाखवायला म्हणून दोघं दवाखान्यात गेली, तर डॉक्टरांनी गेनबालाच आत थांबवून घेतलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाची राख झाली होती.

“माझं काळीज दमलंय म्हणत्यात,” तो म्हणाला होता. “रोज चालायला पायजे. पर एकट्यानं न्हाय. धरायला कुणीतरी हवं.”

कात्रजच्या घाटापर्यंत ज्याच्या कुस्त्यांचं नाव, तो गडी धरायला माणूस मागत होता. मथुराबाईनं त्या संध्याकाळी देव्हाऱ्यातल्या मारुतीला बजावलं, “ह्यांना न्यायचं न्हाय. सांगून ठेवते.” आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना धूळ झटकून पायात चपला घातल्या.

आधी नुसतं कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. मग पिंपळापर्यंत. मग पुलापर्यंत.

पुलावरच तनुजा भेटली. कॉलेजातली मुलगी; शाळेतली पोरं, नोकरदार माणसं आणि म्हातारे किती हलतात, काय खेळतात, आणि त्यानं तब्येतीत काय फरक पडतो, याचा अभ्यास करणारी. दोघांची परवानगी घेऊन तिनं दोघांच्या मनगटावर एकेक करडा पट्टा बांधला. माणूस किती हलतो ते त्या पट्ट्याला कळायचं.

“आजी, लहानपणी कुठले खेळ खेळलात?”

“कुठले गं बाई? बाईमाणसाला कुठं खेळ असतोय?”

“फुगडीसुद्धा नाही?”

“ती फुगडी. त्यो काय खेळ हाय?”

गेनबा खुदकन हसला. “गौरीच्या जागरणाला ही फिराय लागली, की पाटलाच्या सुना भोवळ येऊन पडायच्या. पर खेळ न्हवं हां तो!”

“गप बसा,” मथुराबाई म्हणाली. पण घरी जाताना तिच्या पायांना काहीतरी आठवत होतं.

तनुजा पुढच्या महिन्यात आली ती कोड्यात पडूनच. “आजोबा, तुमचा पट्टा पहाटे फार हलतो हो. खराडीतल्या ऑफिसवाल्यांचा दिवसभरात हलत नाही इतका.”

“हात थरथरतोय, पोरी. त्यो काय झोप बघतोय?” गेनबा म्हणाला. “आन् त्या खराडीवाल्यांचा पट्टा खुर्चीलाच बांध. काय फरक पडायचा न्हाय.”

तनुजा हसली. मथुराबाईला हसू आलं नाही. झोपेतही हात थरथरतोय, म्हणजे दुखणं आत शिरलंय.

ती त्याला फुलासारखं जपू लागली. गोळ्या तेवढ्या तोच वाटून द्यायचा. त्याच्या काळजाच्या, तिच्या ताकदीच्या. रोज तोच तिला उठवायचा, “मथुरे, चल, आधार दे.” तेव्हा त्याच्या अंगाला तांबड्या मातीचा वास यायचा. जुन्या पैलवानाच्या अंगातून माती जात नाही, तिला वाटायचं.

चालता चालता तो थांबायचा तो नेमका तिच्या छातीचा भाता फुलला की. एवढ्या वर्षांचा संसार, श्वाससुद्धा जुळायचेच.

मग ती थांबल्या जागी गुणगुणायची:

पहाटेचा वारा बाई, आंब्याखाली झोपला
धनी माझा चालताना, माझ्या खांद्याला टेकला.

वारा खरंच झोपलेला असायचा. धारेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या धुक्यातून एकेक करून वर यायच्या, जणू देवच एकेक घडी उलगडतोय. आधी निम्म्या पायऱ्या झाल्या. मग एके दिवशी दोघं थेट घंटेखाली जाऊन उभी राहिली. दिवाळी आली. पाडव्याला तिनं ओवाळलं, तेव्हा निरांजनाच्या उजेडात गेनबा पोरासारखा रडला.

“येडं का काय!” ती म्हणाली. “पुढल्या पाडव्याला बी ओवाळीन की.”

“ओवाळशील,” तो म्हणाला. “ओवाळशील गं.”

थंडी पडली. आणि एका पहाटे मथुराबाईला आधी जाग आली.

शेजारची गोधडी थंडगार. आधाराशिवाय हा माणूस गेला कुठं? कुठं पडला तर? पदर खोचून ती निघाली. दूधवाला गेला, पिंपळ गेला, पूल मागे पडला. कुठं थांबावं असं तिच्या ध्यानातही आलं नाही. मारुतीच्या तालमीत दिवा दिसला, तशी ती धावतच दारापर्यंत गेली.

आत तांबड्या मातीत गेनबा पाठमोरा उभा होता. पाठीवर घाम चकाकत होता. दोन्ही हातांतले जाडजूड लाकडी मुद्गल खांद्यावरून मागे जात, झोकात पुढे येत. पाळणा हलावा तसे. आणि हात एवढासुद्धा थरथरत नव्हता.

दाराशी माती उकरणारा गेनबाचा पठ्ठा मच्छिंद्र तिला बघून ताडकन उभा राहिला.

“काकी! एकट्या? आन् धावत?” त्याच्या हातातलं खोरं गळालं. “आवं, डॉक्टर तर वस्तादांना म्हणलं व्हतं, काकींचं काळीज दिवाळीसुदिक बघायचं न्हाय…”

त्यानं जीभ चावली.

मथुराबाईनं ओठांवर बोट ठेवलं; आत मुद्गल घुमतच होते. आली तशी ती घरी गेली, गोधडीत शिरली, आणि डोळे मिटून त्या थरथरत्या हाताची वाट बघत पडून राहिली.