कॉफीचा मान

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. मोरव्याच्या मारुतीच्या देवळात नामाचा गजर सुरू झाला. कुणी परशुरामबुवांच्या कपाळी बुक्का लावला, कुणी गळ्यात हार घातला, आणि बाळाराम पाटील वाफाळती कपबशी घेऊन पुढं आले.

सप्ताहात रोज एका घरचा मान असे. मध्यंतरात बुवांना कॉफी द्यायची. दूध आटवलेलं, जायफळ घातलेलं, आणि कालच्या घरापेक्षा कडक. कुणाची कॉफी बुवांनी तळापर्यंत घेतली, याची चर्चा दुसऱ्या दिवशी मिठागरांवर चाले. बुवा निरूपणात काय बोलले, ते मात्र कुणाला आठवत नसे.

बुवांनी हात जोडले. "पाटील, आज नको. डॉक्टरांनी मनाई केलीय. रक्तदाब फार वाढलाय. कॉफी घेतली की डोळ्यांपुढं अंधारी येते."

टाळ थांबले.

"काल महिपतच्या घरची घेतलीत," बाळाराम म्हणाले. "तवा डॉक्टर कुठं गेलेला?"

"ती घेतली, म्हणून तर आज सकाळी मला भाईंदरला डॉक्टरकडे न्यावं लागलं."

महिपत मागून म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाला. आमची गेली घशाखाली, तुमची न्हाय जायाची!"

लोक हसले. खुशाल हसले! ओठांवरचं देवाचं नाव अजून वाळलं नव्हतं.

बाळारामांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे आमचंच घर हलकं? सगल्या गावासमोर कप परत पाठवताय?"

"घोटभर घ्या हो बुवा."

"घोटानं काय होतंय!"

"पाटलांच्या इज्जतीचा सवाल हाय."

डॉक्टर आणखी काय म्हणाले, हे एकानंही विचारलं नाही. ज्या आवाजासाठी ही सगळी माणसं अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून बसली होती, तो आवाज एका माणसाच्या छातीतून येतो, हे जणू कुणाच्या गावीच नव्हतं.

बुवांनी मारुतीकडं पाहिलं. मग कपबशी घेतली. कप उचलून ओठांकडं नेला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सरूबाई उठल्या. बाळारामांची आई. डोक्यावरचा पदर दातांत धरून त्या पुरुषांच्या मधून सरळ पुढं आल्या.

"आये, तू बस," बाळाराम दबक्या आवाजात म्हणाले.

"बाला, ही कॉफी कोनी केली?"

"आये, लोक बघतायत."

"बघू देत. दूध मी आटवलं. जायफल मी उगाललं. चुलीचा धूर मी खाल्ला. मंग मान तुजा कसा? मान माजा हाय, आन् मी तो परत घेते."

त्यांनी बुवांच्या हातातून कप घेतला आणि तिथंच, भर देवळात, उभ्यानं पिऊन टाकला. रिकामा कप मुलाच्या हातात दिला.

"बुवा आडवे झाले तं तुमची इज्जत कीर्तन करील काय रं?" आता त्या सगळ्यांकडं वळल्या होत्या. "देवाच्या दारात मानसाला इख पाजता, आन् वर हसता? थू तुमच्या मानावर! कोनीतरी कोमट पानी आना बुवास्नी."

महिपतच उठला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला.

बुवांनी दोन घोट घेतले. डोळे पुसले. सरूबाई आपल्या जागी जाऊन बसेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि उत्तररंगाला हात घातला.

"सभा भरली होती," बुवा म्हणाले. "थोर थोर माणसं माना खाली घालून बसली होती. आणि एकटी द्रौपदी बोलत होती."