येते हं!

इराला यंदा शाळेत कॉम्प्युटर हा विषय आहे, पण मनाली टीचर मुलांना कॉम्प्युटरला हातच लावू देत नाहीत. आधी मुलांनीच कॉम्प्युटर व्हायचं आणि सांगितलं तेवढंच करायचं, म्हणजे विषयाची गोडी लागते म्हणे! शेजारचा सोहम कोडिंगच्या क्लासला जातो आणि आमची नुसती खेळतेय, या विचाराने माझी झोप उडालेली. आज टीचरना गाठून विचारायचंच, म्हणून चप्पल घालते तोच बडोद्यातल्याच मांडवीहून सासूबाईंच्या बहीण स्नेहलता मावशी हजर.

चहा झाला, गावातल्या समस्त नातेवाइकांचा समाचार घेऊन झाला आणि मावशी एकदाच्या उठल्या. "चल गं, येते हं!"

"या ना आजी, बसा," म्हणत इराने दार लावलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"अगं, त्या निघाल्यात!"

"मग 'येते' का म्हणाल्या? कॉम्प्युटरला मनातलं कळत नाही, आई."

मावशींना इतकं कौतुक वाटलं की त्या परत बसल्या. दुसऱ्या चहानंतर मी शहाणपणा करून गुजरातीत "आवजो" म्हटलं, तर पुन्हा पेला हजर. "आवजो म्हणजे पण 'या'च ना?"

टीचरची शाळेतून निघायची वेळ होत आली. मी हात जोडले, "बाई गं, बंद कर तुझा तो कॉम्प्युटर!"



"बंद कसा करायचा, ते टीचर पुढच्या तासाला शिकवणार आहेत."