शेणाचं तळं

लॅकी कुंपणापलीकडेच थांबला.

"आयल्सा, काय गवत आलंय गं!" तो तिथूनच ओरडला. "अख्ख्या साऊथलंडात असलं बघितलं नाही मी. टाकलंस तरी काय?"

"शेण," आयल्सा म्हणाली. "दुसरं काय उरलंय माझ्याकडं?"

लॅकी कुंपणाच्या तारेशी चाळा करू लागला. सव्वीस वर्षांचा शेजार. पण गेल्या महिन्यात तिनं शेण फवारायचा टँकर मागितला, तेव्हा "माझ्याही गायी आहेत गं," एवढंच बोलून त्यानं मान खाली घातली होती. मे महिन्यात, थंडीच्या तोंडावर, दोन गायींच्या रक्तात रोग निघाला आणि सरकारी माणसांनी तीनशे बारा गायी ट्रकांत भरून कत्तलखान्यात नेल्या, ते त्यानं याच कुंपणावरून बघितलं होतं.

ट्रक गेले. शेड धुऊन झाली, फाटकंसुद्धा औषधानं पुसून झाली. राहिलं ते शेडमागचं शेणाचं तळं. ते रिकामं केल्याशिवाय नव्या गायी आणायची परवानगी नव्हती.

"राहू दे ते," तिचा नवरा मर्डॉक म्हणाला होता. "तेवढंच उरलंय त्यांचं."

त्यानंतर तो बोललाच नाही. पहाटे चारला उठायचा, गमबूट चढवायचा आणि खिडकीकडे पाठ करून स्वयंपाकघरात बसायचा. चहा निवून जायचा. आयल्सा थंडी सरेपर्यंत थांबली. मग गावातून भाड्यानं पंप आणि नळ्या आणल्या आणि एकटीनंच ट्रॅक्टर काढला. वरची वाळलेली साय फुटली, काळी धार कुरणावर पडायला लागली, आणि सगळीकडे वास सुटला. उबदार, आंबूस, गायींचा वास. ट्रॅक्टरवरून तिला दिसलं, मर्डॉकनं उठून खिडकी सताड उघडली आणि पुन्हा पाठ करून बसला. पण तळं तिनं तळापर्यंत उपसलं.

त्याला आता तीन आठवडे झाले होते.

"असं उभंच ठेवलंस तर वाया जाईल," लॅकी हळू आवाजात म्हणाला. "मी कापून नेऊ? माझ्या गायी खातील."

"आता नाही का भीती वाटत?"

लॅकीचे कान लाल झाले. "चुकलो मी, आयल्सा."

ती उत्तर देणार, तेवढ्यात मागं स्वयंपाकघराचं दार वाजलं.

मर्डॉक बाहेर आला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा. उजेडानं त्याचे डोळे बारीक झाले. दोघांकडे न बघता तो अंगण ओलांडून गेला, फाटक उघडून कुरणात शिरला, थोडा चालला आणि उकिडवा बसला. त्यानं गवताच्या मुळाशी बोटं खुपसली. मूठभर माती वर काढली. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी वळवळणारी. नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग एक काडी उपटून अंगठ्यानं तिची पानं मोजली.

"तिसरं पान फुटलंय गं, चरणीला आलंय," मर्डॉकनं हाक दिली. दर वसंतात देतो तशीच, खणखणीत. "उद्या धारा झाल्या की गायी इकडंच सोडू. म्हाताऱ्या आधी, पोरी मागून. नाहीतर पोरी फाटकातच ढकलतात त्यांना."

लॅकीनं रिकाम्या शेडकडं बघत डोक्यावरची टोपी काढली.

"बरं," आयल्सा म्हणाली. "म्हाताऱ्या आधी."